तासाचा दर आणि सोबतीचं मोल

आज आपण ऑस्ट्रेलियातल्या अपंग-सेवेचा इतिहास थोडक्यात पाहू. प्रश्न एकच धरू या: पैसा कोणत्या वाटेने येतो, यावरून सेवाभावी संस्थेचा स्वभाव बदलतो का?

सुरुवात पालकांपासून होते. १९४५ साली सिडनीच्या मॉसमन भागात ‘स्पॅस्टिक सेंटर’ उभं राहिलं. पुढाकार नील आणि ऑड्री मॅकलाउड या दांपत्याचा. त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. अशा संस्था वाढल्या, तसं सरकारी अनुदानही आलं. ते बहुधा एकरकमी मिळे. पगार-भाडं त्यातून भागे आणि एखाद्या थकलेल्या आईशी निवांत बोलायला कार्यकर्त्याला वेळही काढता येई.

पण या काळाला आपण सोन्याचा मुलामा देऊ नये, बरं का. सेवा कोणती आणि किती, हे संस्था ठरवणार. पटलं नाही तर जाणार कुठे? २००९चा ‘शट आउट’ हा अहवाल अपंग व्यक्तींच्या आणि कुटुंबीयांच्या अशाच गाऱ्हाण्यांनी भरलेला आहे.

तोवर वारंही बदललं होतं. १९९३च्या हिल्मर अहवालानंतर स्पर्धा हे राष्ट्रीय धोरण झालं. २०११मध्ये उत्पादकता आयोगाने नव्या विमा योजनेची शिफारस केली, २०१३मध्ये कायदा झाला आणि २०१६पासून योजना टप्प्याटप्प्याने देशभर गेली. आता निधी व्यक्तीच्या नावावर. सेवा कुणाकडून घ्यायची, ते तिने ठरवायचं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे कांट आठवेल: माणूस हा स्वतःच साध्य आहे. दयेपेक्षा हा मान मोठाच म्हणायचा.

मग अडलं कुठे? सेवा आधी द्यायची, पैसे नंतर. आणि तासाच्या दराला सरकारने घातलेली कमाल मर्यादा. नव्या माणसाला शिकवणं, दुसऱ्या संस्थेशी सल्लामसलत, फोनवरची विचारपूस, हे सगळं त्याच दरात बसवायचं. काल अनुभव वाटून घेणाऱ्या संस्था आज एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. दुर्गम वस्त्यांत तर गिऱ्हाईकच थोडं, म्हणून सेवा देणारा फिरकत नाही. निवडीचा हक्क आहे, पण निवडायला कुणी नाही!

२०२३च्या सरकारी आढाव्याने ही अडचण मान्य केली. जिथे बाजार चालत नाही, तिथे सेवा मिळवून देण्याचे वेगळे मार्ग शोधा आणि वैयक्तिक निधीबाहेरही सर्वांसाठी पायाभूत आधार उभारा, असं त्याने सुचवलं.

आपण यातून काय घ्यावं? व्यक्तीच्या हाती आलेला निर्णय परत संस्थेकडे जाता कामा नये. पण त्या आईशी झालेलं बोलणं कोणत्याच बिलात बसत नाही. त्याचा खर्च कुणी उचलायचा, हे समाज म्हणून आपल्यालाच ठरवावं लागेल.