दुधातला घटक

माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सपासून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयापर्यंतचे अंतर तीनेक किलोमीटरचे. वाटेत खोदादाद सर्कल, मग हिंदमाताची साड्यांची दुकाने. १८९६ च्या प्लेगने मुंबईची दाट वस्ती पोखरून काढल्यावर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दादर-माटुंग्याची आखणी झाली आणि मंचरजी जोशी यांच्या खटपटीने तिथे पारशी कॉलनी उभी राहिली. संध्याकाळी त्या बागांतल्या बाकांवर बसलेल्या वृद्ध पारशी बायका दिसल्या की मला एक शोधनिबंध आठवतो. १९७१ साली तो 'नेचर' या ब्रिटिश साप्ताहिकात छापून आला. मुंबईच्या पारशी बाळंतिणींच्या दुधात कर्करोगाचा विषाणू सापडतो काय, हा त्यातला एक प्रश्न होता. लेखकांच्या लांबलचक यादीत डॉ. सत्यवती सिरसाट आणि डॉ. जे. सी. पेमास्टर ही परळची नावे आहेत.

आईच्या दुधाबद्दल असा संशय घेणे ही साधी गोष्ट नव्हे. आपल्या भाषेत तर 'आईचे दूध प्यायला असशील तर' हे आव्हान आहे, आणि कडा उतरून तान्ह्याकडे धावणारी हिरकणी शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. त्या दुधातच विष असेल, असे म्हणण्याचे धाडस विज्ञानाने केले ते उंदरांच्या भरवशावर.

अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर नावाच्या गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथे उंदरांचे शुद्ध वाण पिढ्यान् पिढ्या जपले जात. काही वाणांतल्या बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होई, काहींत तो जवळजवळ नसे. दोन्ही वाणांचा संकर केला तेव्हा एक विचित्र गोष्ट लक्षात आली. आई रोगट वाणाची आणि बाप निरोगी वाणाचा असेल तर मुलींना कर्करोग होई. उलट जोडी लावली तर फारसा होत नसे. आनुवंशिकता आईबापांकडून सारखीच येते, मग हा पक्षपात कशाचा? जॉन बिटनर यांनी जन्मल्या जन्मल्या पिल्ले आईपासून काढून निरोगी वाणाच्या दूधआईकडे दिली. मोठेपणी त्या पिल्लांतला कर्करोगाचा आकडा घसरला. १९३६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. दुधातून काहीतरी जाते, एवढेच ते म्हणत होते, आणि त्या काहीतरीला पुढे 'दुधातला घटक' हे सावध नाव पडले. कर्करोग विषाणूने होतो हे म्हणणे तेव्हा शास्त्रज्ञांत हास्यास्पद ठरत होते.

टाटा मेमोरियल १९४१ च्या फेब्रुवारीत उघडले. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. मुंबईत वेगवेगळ्या समाजांची माणसे शेजारी राहतात, पण लग्ने आपापल्यातच करतात. त्यांचे खाणे, धुणे, तंबाखू सारे वेगळे. कोणत्या समाजात कोणत्या अवयवाचा कर्करोग जास्त होतो हे पाहणे म्हणजे निसर्गाने मांडून ठेवलेला प्रयोगच, हे खानोलकरांनी ओळखले. पारशी स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग कमी आणि स्तनाचा जास्त, ही नोंद या दृष्टीतूनच झाली.

त्यांच्या हाताखाली एक मराठी मुलगी आली होती. पुण्याच्या हुजूरपागेची, फर्ग्युसनच्या प्राध्यापक समर्थांची कन्या, कमल रणदिवे. तिचे आधीचे काम सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवरचे. परळला आल्यावर तिने उंदरांच्या स्तनग्रंथी हाती घेतल्या. पण गाठ झालेल्या नव्हेत, तर निरोगी. कर्करोगाची ओढ कमीजास्त असलेले उंदरांचे चार वाण घेऊन त्यांच्या सामान्य ग्रंथींची बांधणी तिने ताडून पाहिली. मला या कामाचे नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. रोग समजून घ्यायला आधी निरोग पाहावा, ही गोष्ट सांगायला सोपी, पण गाठींनी भरलेल्या रुग्णालयात बसून ती पाळायला धीर लागतो. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून कमलताई बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. माणसाच्या पेशी काचेच्या नळीत वाढवण्याची विद्या त्या काळी त्यांच्याइतकी कुणालाच साधली नव्हती. परत आल्यावर रणदिव्यांनी परळला ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातली ती पहिली.

या ग्रंथीचे एक वेगळेपण आहे. हृदय, यकृत, मूत्रपिंड हे अवयव बाळ जन्मताना तयार असतात. स्तनग्रंथी अर्धवटच असते. वयात येताना तिच्या नळ्यांना फांद्या फुटतात, गरोदरपणात फांद्यांच्या टोकांना द्राक्षाच्या घोसासारख्या सूक्ष्म पिशव्या धरतात, आणि पिशवीच्या आतल्या अस्तराची एकेक पेशी दूध करू लागते. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक पेशीला कामाला लावते. बाळ ओढू लागले की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते, पिशवीभोवतीच्या आकुंचन पावणाऱ्या पेशी तिला पिळतात आणि दूध नळीत उतरते. बायका याला 'पान्हा फुटणे' म्हणतात. स्निग्धाचा थेंब बाहेर पडतो तो पेशीच्याच आवरणाचा तुकडा अंगाभोवती लपेटून. बाळाचे दूध तुटले की यातल्या बहुतेक पेशी मरतात, ग्रंथी ओसरते, पुढच्या खेपेला पुन्हा उभी राहते.

उंदराच्या विषाणूने नेमकी हीच व्यवस्था वापरली आहे. पिल्लाने गिळलेला विषाणू आतड्याच्या भिंतीतल्या पांढऱ्या पेशींत शिरतो आणि दबा धरून राहतो. पिल्लू वयात आले, ग्रंथीच्या पेशी विभागू लागल्या की तो तिथे पोचतो. गरोदरपणाची संप्रेरके वाढली की विषाणूचे उत्पादनही वाढते, कारण त्याच्या जनुकांची कळच ती संप्रेरके दाबतात. मग दुधाबरोबर पुढच्या पिढीत. कर्करोग हा त्याचा हेतू नव्हेच. तो पेशीच्या जनुकांत जिथे घुसतो तिथे कधी वाढीचे जनुक जागे होते, एवढेच. हा शेवटचा दुवा १९८२ साली नुसे आणि व्हार्मस यांनी उलगडला.

जाता जाता शब्दाविषयी. कर्क म्हणजे खेकडा. ग्रीक वैद्यांनी या रोगाला खेकड्याचे नाव दिले, आणि गेलनने त्याचे कारण सांगताना स्तनातल्या गाठीचाच दाखला दिला: भोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात म्हणून. सुश्रुताचा शब्द 'अर्बुद' होता. आपण इंग्रजीच्या वाटेने खेकडा घेतला.

तर १९७१. आदल्याच वर्षी टेमिन आणि बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले होते की काही विषाणू आपल्या आरएनएवरून उलट डीएनए बनवतात. विषाणूंची थट्टा आता थांबली होती. न्यू जर्सीतील कॅम्डेनच्या डॅन मूर यांना उंदराच्या दुधातल्या कणांची ओळख पटली होती: गोल आवरण आणि आत एका बाजूला सरकलेला गाभा. तसेच कण बायकांच्या दुधात मिळतात का, हे पाहायला स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त असलेला, आपल्यातच लग्ने करणारा समाज हवा होता. तो मुंबईत होता, आणि परळला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे काम रुजवणाऱ्या सिरसाटही होत्या. निकाल दचकवणारा आला. घराण्यात हा रोग असलेल्या अमेरिकी स्त्रियांपैकी साधारण ६० टक्क्यांच्या, पारशी स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांच्या दुधात तसे कण दिसले. घराण्यात रोग नसलेल्या अमेरिकी स्त्रियांत ५ टक्के.

निबंधाच्या शीर्षकात 'शोध' हा शब्द होता, पण लागलेला शोध या अर्थाने नव्हे; घेतला जाणारा शोध. हा फरक निबंधाबाहेर टिकला नाही. आई किंवा मावशी या रोगाने गेलेल्या बाईने मुलीला पाजावे की नाही, अशी चर्चा सुरू झाली. जिने आपले दूध तपासायला दिले, तिच्या मांडीवर तेव्हा बाळ होते. तिने रात्री काय विचार केला असेल, ते कुठल्या तक्त्यात येत नाही.

पुढे आकडे विस्कटले. इतर प्रयोगशाळांना घराण्यात रोग नसलेल्या स्त्रियांच्या दुधातही कण दिसू लागले. दुधात पेशींच्या आवरणाचे तुकडे मुळातच तरंगत असतात आणि मायक्रोस्कोपखाली त्यांचा विषाणूशी घोटाळा होऊ शकतो. सर्वांत साधा पुरावा वह्यांत होता. दूध पिऊन वाढलेल्या मुलींना बाटलीवर वाढलेल्यांपेक्षा हा रोग जास्त होत नव्हता. शिवाय आत्याला झालेला रोग मावशीला झालेल्या रोगाइतकाच भाचीला धोक्याचा ठरत होता. आणि आत्याचे दूध कुणी प्यालेले नसते. ज्या प्रश्नाने बिटनरना दुधाकडे नेले, त्याच प्रश्नाने माणसाच्या बाबतीत दुधाची सुटका केली. १९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी सतराव्या गुणसूत्रावर बीआरसीए-१ या जनुकाची जागा दाखवली. ते बापाकडूनही येते.

पारशी स्त्रियांचे काय? मुंबईत १९६३ साली सुरू झालेल्या कर्करोग नोंदणीत त्यांचे प्रमाण वरचढच दिसत राहिले. पण उशिरा लग्न, मुले एकदोन किंवा नाहीच, ही त्या समाजाची ओळखीची कहाणी आहे. २००२ साली ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची आकडेमोड एकत्र झाली तेव्हा दिसले की बाईने अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे तिचा स्वतःचा धोका ४.३ टक्क्यांनी घटतो, आणि दर बाळंतपणामागे आणखी ७ टक्क्यांनी. म्हणजे दुधाचा आणि या रोगाचा संबंध होता. फक्त उलट्या दिशेचा.

परळचा प्रश्न मूर्खपणाचा होता, असे मात्र मी म्हणणार नाही. ऐंशीच्या दशकात कळले की एचटीएलव्ही-१ हा माणसाला रक्ताचा कर्करोग देणारा विषाणू आईच्या दुधातूनच बाळाकडे जातो, एचआयव्हीही जातो. त्यांनी चुकीच्या घरात ठोठावले, पण गल्ली खरी होती. रणदिव्यांना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. ज्या पारशी बायकांनी दूध दिले त्या निबंधात टक्केवारीच राहिल्या.

फाइव्ह गार्डन्सहून परळच्या उलट दिशेला, माटुंगा ओलांडून गेले की शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय लागते. १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी तिथे देशातली पहिली मातृदूध पेढी सुरू केली. कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दुसऱ्या बायका आपले जादा दूध देतात. अशा पेढीत देणारीची रक्ततपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवले जाते, जंतूंची चाचणी होते. मग ते चमच्याने किंवा नळीने एखाद्या अनोळखी बाईच्या बाळाला दिले जाते.