गुळवेल : सात दिवसांचं औषध

आमचं आजोळ करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याच्या काठावर. म्हणजे आताचं आजोळ. मूळ गाव धरणात गेलं. १९८० साली धरण पूर्ण झालं, तोवर आजीचं बिऱ्हाड वरच्या माळावर आलं होतं. नव्या अंगणात तिने कडुनिंब लावला आणि पुढे त्यावर गुळवेल सोडली. कडुनिंबावरचीच गुळवेल चांगली, हे तिचं ठाम मत (आणि बहुतेक वैद्यांचंही).

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी लॅपटॉपसकट तिथेच होतो. टीव्हीवर दिवसभर काढे. मग काय, आईनेही रोज पेलाभर सुरू केला. आजी म्हणाली, "आगं, ताप न्हाई तर कशाला पितीस? तापात सात दिस प्यायचं, मग बंद." आम्ही हसण्यावारी नेलं. पाच महिन्यांनी आईचे डोळे पिवळे झाले. एसजीपीटी ७०० च्या वर. कावीळ विषाणूची नव्हती. डॉक्टरांनी आधी काढा बंद केला. रिपोर्ट नॉर्मल यायला दोन महिने लागले.

तेव्हापासून गुळवेलीचा इतिहास शोधायचा नाद लागला. संस्कृतात ही गुडूची, अमृता. चरकसंहितेत बुद्धीसाठीच्या चार रसायनांत तिचा रस आहे. पण रसायन घेण्याआधी शरीराचं शोधन करायचं, असंही तिथेच सांगितलंय. तो भाग आपण सोयीस्कर विसरतो. इंग्रजांनीही ही वेल उचलली. १८४४ च्या बंगाल फार्माकोपियात आणि १८६८ च्या भारतीय फार्माकोपियात ती 'गुलंच' म्हणून आहे. कशासाठी? मुख्यतः ताप आणि तापानंतरचा अशक्तपणा.

म्हणजे आजीचा हिशोब चुकीचा नव्हता. ६ ऑक्टोबर २०२० ला आयुष मंत्रालयाच्या कोविड नियमावलीत गुडूची घनवटी आली, आणि धडधाकट माणसंही महिनोन्महिने गुळवेल घेऊ लागली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले ६ रुग्ण नोंदवले. २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद आली. मंत्रालयाचं म्हणणं, गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल. डॉक्टरांना ते पटलं नाही. त्यांच्या मते ही वेल प्रतिकारशक्तीला डिवचते, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या शरीरावर उलटलेली असते त्यांना धोका जास्त.

तेव्हा थायरॉइड किंवा संधिवातासारखा ऑटोइम्यून आजार, यकृताचा त्रास, गरोदरपण, मधुमेहाच्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नका. 'नैसर्गिक आहे, काय होतंय' हे वाक्य आमच्या घरात आता चालत नाही.

गेल्या दिवाळीत मला तिथे ताप आला. आधी डेंग्यूची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. मग डॉक्टरांना विचारून आजीचा काढा घेतला. कडू म्हणजे कडूजहर! चौथ्या दिवशी ताप उतरला आणि सवयीने मी पेला पुढे केला. आजीने तो काढून घेतला.

"ताप गेला न्हवं? मग आता च्या पी."