भोकाची नाणी

समरकंदच्या पूर्वेला, आजच्या ताजिकिस्तानात, पंजिकंत या प्राचीन शहराचे अवशेष आहेत. हे शहर सोग्दांचे, म्हणजे रेशीम मार्गावर व्यापार करणाऱ्या एका इराणी भाषिक समाजाचे. तिथल्या उत्खननात घरांत, दुकानांत, रस्त्यांवर काशाची हजारो लहान नाणी सापडली. बहुतेकांच्या मध्यभागी चौकोनी भोक आहे.

हे भोक आले चीनमधून. तांग राजवटीने इ. स. ६२१ मध्ये नवे नाणे काढले. ते ठशाने ठोकलेले नसून साच्यात ओतलेले होते. ओतीव नाण्याची कड खडबडीत राहते. चौकोनी सळईवर अशी नाणी ओवली की ती गरगर फिरत नाहीत आणि सगळ्यांच्या कडा एकदम घासता येतात. शिवाय दोरीत ओवून माळही करता येते! सातव्या शतकाच्या मध्याला समरकंदच्या राजांनी ही पद्धत उचलली. मात्र चिनी अक्षरांच्या जागी सोग्दी लिपीत राजाचे नाव आणि पदवी आली, दुसऱ्या बाजूला राजचिन्हे.

हे नाव फार मोलाचे ठरले. सोग्दांनी लिहिलेली आपल्या राजांची बखर उपलब्ध नाही. चिनी इतिहासग्रंथांत त्यांची नावे आहेत, पण चिनी उच्चारात मोडलेली. उदाहरणार्थ, तिथला ‘फूहूमान’ कोण? नाण्यांवर नाव मिळाले, ‘वरखुमान’. पुढे १९६५ साली समरकंदच्या अफ्रासियाब टेकडीवर भित्तिचित्रे सापडली आणि त्यांवरील सोग्दी लेखातही हेच नाव निघाले. एकमेकांशी संबंध नसलेले तीन पुरावे जुळले. ओल्गा स्मिर्नोवा यांनी अशी नाणी वाचून राजांचा क्रम लावला. त्यांची एकत्रित सूची १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली.

पंजिकंतच्या काही नाण्यांवर तर राजाऐवजी नना देवीचे नाव आहे. हीच नना कनिष्काच्या नाण्यांवर दिसते. आपला ‘नाणे’ हा शब्द तिच्यावरूनच आला, असे काही अभ्यासक मानतात. (सर्वांना ते पटत नाही.)

मोठ्या व्यवहाराला चांदी होती. काशाचे नाणे बाजारहाटाचे, म्हणून ते हातातून पडे, हरवे आणि आपल्याला सापडे. ७१२ मध्ये अरबांनी समरकंद घेतले. तेवढेच वाचले तर सोग्द राजे तिथेच संपले असे वाटेल. पण गुरक आणि त्याच्यानंतर तुरगर यांच्या नावांची भोकाची नाणी आठव्या शतकाच्या मध्यापर्यंत निघत राहिली.