निरोपाचा दिवस ठरलेला उपचार

मनोविश्लेषण वर्षानुवर्षे चालावयाचे. सार्वजनिक रुग्णालयात येणाऱ्या सामान्य माणसाला ते कोठून लाभावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना डॉ. अँथनी राइल (१९२७–२०१६) यांनी १९८० नंतरच्या दशकात, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात, एक नवी उपचारपद्धती सिद्ध केली. भेटी बहुधा १६. अखेरचा दिवस आरंभीच ठरलेला. पहिल्या काही भेटींनंतर उपचारक रुग्णाला एक पत्र वाचून दाखवितो. बालपणी जी वागणूक आधार ठरली, तीच आज अडचण कशी झाली, हे त्यात असते. रुग्णाने त्यात दुरुस्ती सुचवावी, अशी अपेक्षा असते. आधी जुने वळण ओळखावे, मग बदलावे, हा क्रम. शेवटी निरोपाची पत्रे लिहिली जातात. ताटातूटही उपचाराचाच भाग होते.