तगाईपासून सन्मान निधीपर्यंत

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या शिळफाट्याच्या आसमंतात, किंबहुना खालापूर व कर्जत या दोन्ही तालुक्यांत, भाताची खाचरे आणि नाचणी-वरीच्या वरकस जमिनी यांवर आपल्या वाडवडिलांनी पिढ्यानपिढ्या प्रपंच चालविला. सरकार शेतकऱ्यास साह्य करते, ही गोष्ट त्यांस अपरिचित नव्हती. परंतु ते साह्य कोणाच्या हाती पडते, हा प्रश्न तेव्हा जितका बिकट होता तितकाच आजही आहे. त्याचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे संक्षेपाने मांडण्याचा हा अल्प प्रयत्न होय.

तगाईचे दोन प्रमुख कायदे इंग्रजी अमदानीत झाले. १८८३ चा कायदा विहिरी, बांधबंदिस्ती इत्यादी जमीन-सुधारणेसाठी होता. १८८४ चा बी-बियाणे, गुरेढोरे व संकटनिवारण यांसाठी. तगाई ही देणगी नव्हे. ते फेडावयाचे कर्ज होते. शिवाय १८८३ च्या कायद्यात एक मेख होती. ज्यास सुधारणा करण्याचा हक्क असेल त्यास कर्ज मिळे. इतरांस ते हक्कदाराच्या संमतीनेच मिळावयाचे. म्हणजे बांध घालावयाचा कुळाने आणि होकार मागावयाचा मालकाकडे!

ही पराधीनता किती जाचक होती, हे याच कुलाबा जिल्ह्यातील अलिबाग तालुक्याने दाखविले. १९३३ ते १९३९ या काळात चरी व आसपासच्या गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप करून खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कुळकायदा आला, आणि त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. मात्र ज्यांची वहिवाट तोंडी होती, ज्यांचे नाव दप्तरी कधी चढलेच नव्हते, त्यांस आपले कूळपण सिद्ध करणे दुर्घट झाले.

१९९० साली रोजगार हमी योजनेस जोडून फळबाग लागवडीस शासनाने अनुदान देऊ केले, आणि कोकणच्या डोंगरउतारांवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. येथेही अनुदानाची वाट सातबाऱ्यावरूनच जात होती. २०१९ साली केंद्र शासनाने प्रधानमंत्री किसान सन्मान निधी सुरू केला. वर्षास ६,००० रुपये, तीन हप्त्यांत, थेट बँक खात्यात. २०२३ साली राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर करून तेवढीच भर घातली. मध्यस्थ दूर झाला, हा मोठाच लाभ होय. तथापि या निधीचा अधिकार जमीन ज्याच्या नावे आहे त्यासच आहे. अर्धेलीने वा खंडाने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यास त्यातील एक पैही मिळत नाही. १ फेब्रुवारी २०१९ या दिनांकानंतर जमीन नावे झालेल्यांसही, वारसाहक्काचा अपवाद वगळता, हा लाभ नाही.

तात्पर्य, १८८३ पासून आजतागायत साह्याचे रूप पालटले. कर्जाचे अनुदान झाले आणि अनुदानाचा सन्मान निधी झाला. पण दप्तरातील नावाचे महत्त्व तसूभरही उणे झाले नाही. आणि आपल्यापैकी कित्येक घरांतील सातबारा आजही दिवंगत आजोबांच्या नावे आहे! भाऊबंदकीच्या भीतीने वारसनोंद लांबणीवर टाकली जाते. विधवा भावजय व माहेरवाशिणी यांची नावे तर विचारातही घेतली जात नाहीत. हा दोष सरकारचा नव्हे, आपला आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांस सविनय प्रार्थना अशी, की यंदा लावणी आटोपताच प्रत्येकाने आपला सातबारा काढून वाचावा, वारसांची नोंद करून घ्यावी, आणि लेकीसुनांची नावे त्यातून गाळू नयेत. आपली जमीन जो अर्धेलीने कसतो, त्याच्याही घामाचे स्मरण हप्ता हाती येईल तेव्हा ठेवावे. कारण आपले आजोबा एके काळी त्याच्याच जागी उभे होते.