मेनूतील विभाजक रेषा
टर्मिनलवरील प्रोग्रामांसाठीच्या एनकर्सेसच्या (ncurses) मेनू-लायब्ररीत विभाजक रेषेसाठी वेगळा घटक नाही. ती प्रोग्रामरलाच आखावी लागते. ३० रकान्यांच्या खिडकीत ० क्रमांकाच्या रकान्यात ├, १ ते २८ मध्ये ─ आणि २९ मध्ये ┤ ठेवले की रेषा चौकटीशी नीट सांधली जाते. टोकांनाही नुसती ─ ठेवली, तर चौकट तिथे तुटलेली दिसते. ही चिन्हे थेट टाइप करण्यापेक्षा लायब्ररीतली तयार चिन्हे वापरणे केव्हाही चांगले. रेषाचिन्हे नसलेल्या टर्मिनलवर त्यांच्या जागी आपोआप + आणि - येतात. रेषेची ओळ मेनूचा घटक म्हणून घातली आणि तिची निवड बंद केली, तरी बाणाची कळ दाबल्यावर ठळक पट्टा तिच्यावर थांबतोच. ती ओलांडून पुढे जाण्याची सोय कोडमध्ये करावी लागते.