तांब्याच्या तारांचा करारनामा

१ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीची मक्तेदारी न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार संपुष्टात आली, आणि यंत्रे घडविणे, तारा टाकणे व या दोहोंचे नियम आपल्याच दप्तरात लिहिणे ही तिन्ही कामे जिच्या एकटीच्या हाती होती त्या संस्थेच्या जागी स्थानिक कारभार पाहणाऱ्या सात प्रादेशिक कंपन्या उभ्या राहिल्या. घरोघर पोहोचलेल्या तांब्याच्या तारांच्या जोड्या या सातांच्या वाट्याला आल्या; कारखाने आणि विख्यात बेल प्रयोगशाळा मात्र मूळ कंपनीकडेच राहिल्या. आता यंत्रे बाहेरच्या कारखानदारांकडून विकत घ्यायची होती, आणि ती कशी चालली पाहिजेत हे आधी कोणी तरी ठरवून द्यावे लागणार होते. अशा सामाईक गरजांसाठी सातही कंपन्यांच्या मालकीची बेलकोर ही संस्था न्यू जर्सीत स्थापन झाली. तिने अटींचा मसुदा तयार करावा, तो कारखानदारांकडे पाठवावा, त्यांच्या हरकती आणि सूचना मागवाव्यात आणि त्यांचा विचार करून सुधारित दस्तऐवज प्रसिद्ध करावा, असा प्रघात पडला. यंत्राने काय साधले पाहिजे एवढे त्यात सांगितलेले असे. ते कसे साधावे याची बरीचशी मोकळीक कारखानदाराला असे.

या पद्धतीची खरी कसोटी लागली ती टी-१ या जुन्या वहिवाटीशी गाठ पडली तेव्हा. १९६२ पासून वापरात आलेल्या या योजनेत दोन जोड्यांवरून चोवीस संभाषणे चालत. एक जोडी जाण्यासाठी, दुसरी येण्यासाठी, आणि प्रत्येकीचा वेग सेकंदाला १५ लाख ४४ हजार बिट. एवढ्या वेगाचा संकेत तांब्यात लवकर क्षीण होत असल्यामुळे सुमारे दर सहा हजार फुटांवर त्याला नवे बळ देणारे यंत्र बसवावे लागे. शिवाय मुख्य तारेला जागोजागी जोडलेले निरुपयोगी फाटे शोधून तोडावे लागत, आणि तोवर ग्राहक तिष्ठत राही.

बेलकोरच्या अभियंत्यांनी यावर काढलेला तोडगा मला फार मार्मिक वाटतो. जोड्या त्याच दोन ठेवायच्या, पण एकीवर जाण्याचा आणि दुसरीवर येण्याचा संपूर्ण भार टाकण्याऐवजी दोन्ही दिशांचा भार दोघींत निम्मा निम्मा वाटायचा. म्हणजे प्रत्येक जोडीवरून एकाच वेळी दोन्हीकडे सेकंदाला ७८४ किलोबिट जातील. तांब्यात उच्च वारंवारतेचा संकेत अधिक क्षीण होतो आणि शेजारच्या जोड्यांत अधिक झिरपतोही. त्यामुळे वेग निम्मा होताच पल्ला वाढला. चोवीस गेजच्या तारेवर बारा हजार फुटांपर्यंत मधले एकही यंत्र न लावता काम भागू लागले. त्याची किंमत अशी की, प्रत्येक टोकाला आपल्याच प्रक्षेपणाचा प्रतिध्वनी वजा करून पलीकडचा मंद संकेत वेचून घेण्याची करामत यंत्रात आणावी लागली. एचडीएसएल नावाच्या या योजनेच्या अटींचा मसुदा बेलकोरने १९९१ मध्ये उद्योगापुढे ठेवला.

पुढे इंटरनेटचा प्रसार झाला, एका जोडीची गती अपुरी पडू लागली, आणि प्रकाशतंतू टाकण्याचा बराचसा खर्च तर जमिनीच्या खोदाईतच जाई. पुष्कळ केबलींत मात्र रिकाम्या जोड्या पडून होत्या. त्या कितीही आणि कोणत्याही एकत्र बांधता याव्यात, अशी मागणी स्वाभाविकपणे पुढे आली. पण दोन समान जोड्यांचे गणित येथे चालणारे नव्हते, कारण एक जोडी लांबची तर दुसरी गोंगाटाची, आणि प्रत्येकीची गती निराळी. एकाच पत्राची पाने निरनिराळ्या जासूदांच्या हाती धाडली, तर पानांवर अंक घातल्यावाचून ती लावता येत नाहीत. म्हणून अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने २००४ मध्ये मंजूर केलेल्या ८०२.३एएच या मानकात माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर चौदा बिटांचा अनुक्रमांक घालण्याची तरतूद झाली. तुकडा ६४ ते ५१२ बाइटांचा असावा, जोड्या बत्तीसपर्यंत असाव्यात, सर्वांत वेगवान जोडीची गती सर्वांत मंद जोडीच्या चौपटीहून अधिक नसावी, अशी कलमे त्यात आली. जानेवारी २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जी.९९८ या मालिकेत अशाच संयोगाची तीन मानके मंजूर केली.

वरवर पाहता ही कलमे रूक्ष वाटतील. पण चौपटीची मर्यादाच घ्या. आधी पोहोचलेले तुकडे मागाहून येणाऱ्यांची वाट पाहत यंत्राच्या स्मृतीत थांबतात. मर्यादा नसती तर ती स्मृती किती ठेवावी हे प्रत्येक कारखानदाराने आपापल्या अंदाजाने ठरविले असते, आणि एकाचे यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशी जोडताच तुकडे हरवले असते. त्या एका आकड्याने यंत्राची किंमत आटोक्यात राहिली, आणि भिन्न कारखान्यांची यंत्रे एकमेकांशी बोलण्याचा मार्ग मोकळा झाला. यामागे किती बैठका, किती हरकती आणि किती मापने असतील, याचा विचार मनात आला की मला या अनामिक मसुदाकारांविषयी आदर वाटतो.

बेलकोर पुढे १९९७ मध्ये विकली गेली, १९९९ पासून टेलकॉर्डिया म्हणून ओळखली जाऊ लागली आणि २०१२ मध्ये एरिक्सनच्या मालकीची झाली. तांब्याची जागाही आता प्रकाशतंतू घेत आहे. तरीही टेलिफोनच्या एका आवाजासाठी टाकलेल्या तारा आणखी कित्येक वर्षे नव्या कामाला जुंपल्या गेल्या, त्याचे श्रेय शोधकांइतकेच १९९१ चा तो मसुदा लिहिणाऱ्यांना आणि त्याच्यावर हरकती घेऊन तो सुधारणाऱ्यांनाही दिले पाहिजे.